धागा: धेंपोचा १० नंबर, रँटी, बेटो आणि फातोर्ड्याच्या त्या संध्याकाळी

डिचोलीकर
परवा पोरगा शाळेतून आला तो उड्या मारतच. आंतरशालेय संघात निवड झाली आणि जर्सीवर १० नंबर मिळाला. मेस्सीचा, नेमारचा, म्हणजे आणखी काय पाहिजे? मी नुसतं "बरं" म्हटलं. तो चिडला. बाबांना आनंदच नाही म्हणे. मग त्याला सांगायला बसलो की आमच्या धेंपो फुटबॉल क्लबात १० नंबर कुणी घालत नाही, क्लबनेच तो काढून ठेवला. का, हे सांगता सांगता अर्धा तास गेला, आणि रात्री झोप येईना म्हणून हा धागा.

मी डिचोलीचा. हे आधी सांगतो कारण धेंपो क्लब पणजीचा, असं सगळे लिहितात. मूळ संघ १९६१ चा, आमच्या डिचोलीचा. १९६८ मध्ये धेंपोंनी तो घेतला आणि नाव बदललं. त्यामुळे आमच्याकडे अजून म्हातारी माणसं "आपला क्लब" म्हणताना थोडी छाती फुगवतात. माझे मामा खाणीवर फोरमन होते. शनिवारी-रविवारी सामना असला की त्यांची पिकअप फोंड्यामार्गे फातोर्ड्याला. मागे आम्ही सात-आठ जण, अंगावर लाल धूळ, ती जर्सीवर बसली की दोन धुण्यांत निघायची नाही. आई म्हणायची, सामना बघायला गेला होता की खणायला?

स्टेडियमबाहेर रस-आमलेटचा गाडा. सामन्याआधी एक, जिंकलो तर नंतर अजून एक. हरलो तर मामा थेट पिकअपकडे चालू लागायचे. २००४ ते २०१२ या काळात मला दुसऱ्या प्लेटीची सवयच लागली होती. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, सगळी प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली: २००४-०५ आणि २००६-०७ ची नॅशनल लीग, मग तिच्या जागी आलेली आय-लीग २००७-०८, २००९-१०, २०११-१२.

तर लिहा. तुमचा खेळाडू कोण, तुमचा सामना कुठला. गोव्याच्याच दुसऱ्या क्लबांच्या, म्हणजे चर्चिलवाल्यांनी आणि साळगावकरवाल्यांनीही यावं, फक्त चपला बाहेर काढून.

बाणावलीचो
चपला कशाला काढायच्या, आम्ही अनवाणीच जिंकायचो.
पहिली आय-लीग आठवते ना बाब? तुमचे ३६ गुण, आमच्या चर्चिलचेही ३६. आणि कप गेला पणजीला. माझे पाय त्या दिवशी बाणावलीला परत न्यायला तयार नव्हते. त्यामुळे "पाच विजेतेपदं" असं म्हणताना तेवढा एक हळू आवाजात म्हणत जा.

डिचोलीकर
हळू आवाजातच म्हणतो. पण म्हणतो.

सुषमा_फोंडा
डिचोलीकर, १० नंबरचं तुम्ही लिहिलंत म्हणून लिहिते, नाहीतर मी इथे फक्त वाचायला येते.

५ डिसेंबर २००४. रविवार होता. त्या वर्षी इफ्फी, म्हणजे सिनेमाचा तो आंतरराष्ट्रीय महोत्सव, पहिल्यांदाच गोव्यात आली होती, पणजी सगळी दिव्यांनी लखलखली होती, आणि जुन्या गोव्यात सायबाच्या (सेंट झेवियरच्या) शवप्रदर्शनाची गर्दी. बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. आम्ही दोघी बहिणी केवळ दिवे बघायला पणजीत गेलो होतो. सिनेमाची तिकिटं कुठली मिळणार! कांपालला फिरत होतो तर एका दुकानाच्या बाहेर माणसं जमलेली. आम्हाला वाटलं एखादा नट आलाय. जवळ गेलो तर कुणी बोलत नव्हतं. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "आमचो भुरगो गेलो." आमचा पोरगा गेला.

बंगळूरला फेडरेशन कपची अंतिम लढत होती, समोर मोहन बागान. धेंपो २-० जिंकले. दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियरचे. दुसरा गोल मारताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो खाली पडला, आणि उठलाच नाही. पंचवीस वर्षांचा मुलगा, ब्राझीलहून आलेला. तो १० नंबर त्याचाच. मी त्याला प्रत्यक्ष एकदाच खेळताना पाहिलं होतं. उंच, आणि बॉल पायाशी आला की घाई नाही. भावाने नंतर त्या गोलाचं चित्रण दाखवायचा प्रयत्न केला, मी आजवर पाहिलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये लोक भांडत होते. मैदानावर डॉक्टर का नव्हते, यंत्रं का नव्हती, कुणाची चूक. एक माणूस मात्र हातातला चण्यांचा पुडा तसाच धरून फोंड्यापर्यंत बसला होता. खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत. मला तेच दिसतं दर वेळी.

डिचोलीकर
सुषमाबाय, पोराला हे वाचून दाखवतो. मी त्याला सांगितलं ते फार कोरडं झालं होतं.

वास्कोकार
आपण साळगावकरचे. पण त्या रविवारी आमच्या टिळक मैदानाच्या कट्ट्यावरही कुणी पत्ते काढले नाहीत. तेवढं सांगून जातो, बाकीचं नंतर.

धोबीतलाव६८
मंडळी, मी मुंबईचा, वय वर्षे पंचाहत्तर. मुलीने टाईप करायला शिकवलं आहे, चुका माफ करा.

तुमच्या आय-लीगच्या आधी एक रोव्हर्स कप असायचा. १८९१ पासूनचा. आमचं सगळं तारुण्य कूपरेजच्या लाकडी फळ्यांवर बसून गेलं. त्याआधी हैदराबाद सिटी पोलीस लागोपाठ पाच वर्षं रोव्हर्स जिंकले, १९५० ते ५४, ते वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. मला आठवतो तो तुमचा धेंपो. १९७८ ला रोव्हर्स जिंकले, १९७९ ला पुन्हा. धोबीतलावच्या गल्ल्यांतून गोव्याच्या गावांची कुडं होती, एकेका गावाचं एकेक. बोटीवर नोकरी शोधायला आलेली पोरं तिथे गादी टाकून राहायची. धेंपो जिंकले की त्या कुडांच्या खिडक्यांतून जो दंगा! व्हायोलिन, गिटार, टेबलावर थापा, आणि खाली आम्ही इराण्याकडे चहा पीत बसलेले. माझे शेजारी एक तियात्र (कोंकणी नाटक) बघणारे गृहस्थ होते, त्यांनी मला कूपरेजला नेलं पहिल्यांदा. ते म्हणाले होते, कलकत्त्याचे लोक बॉलला हुकूम सोडतात, आमचे गोंयकार बॉलला विचारतात. मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. तुमच्या धेंपोच्या बेटोला टीव्हीवर पाहिलं तेव्हा कळलं.

रोव्हर्स २०००-०१ नंतर झालाच नाही. आमचा महिंद्रा युनायटेड क्लब २०१० ला बंद. आता कूपरेजला गेलं तर सगळं नवं आणि झकपक. मी जाऊन आलो एकदा. फळ्या नाहीत.

शिवाजीपेठ
काका नमस्कार. मी कोल्हापूरचा, पाहुणा म्हणून आलोय, चपला बाहेर काढल्यात. काका, तुमचं कूपरेजचं वाचून आमचं शाहू स्टेडियम आठवलं. आमच्याकडं क्लब म्हंजे तालीम. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस. आधी लाल माती, मग हिरवं मैदान. सामना असला की पेठेत दुकानं उघडी असून गिऱ्हाईक नाही. त्यामुळं एक विचारू का गोवेकरांना? तुमच्याकडं पाच-पाच वेळा देश जिंकणारा संघ, आणि टीव्हीवर बघितलं की स्टँड निम्मं रिकामं. हे कसं काय? आमच्याकडं पेठेच्या ब संघाला पण लोक भिंतीवर चढून बघत्यात.

डिचोलीकर
शिवाजीपेठ, जखमेवरच बोट ठेवलंत.
खरं आहे. चॅम्पियन असताना मी दोन-तीनशे माणसांत बसून धेंपो पाहिलाय. कामाच्या दिवशी दुपारी सामना ठेवला तर कोण येणार? पण तेवढंच कारण नाही. गोव्यात माणूस आधी गावाचा. शिरवडेचा, कुडतरीचा, वार्कांचा. गावच्या फेस्ताच्या स्पर्धेत शेतात खेळतात तिथे पाय ठेवायला जागा नसते. धेंपो, साळगावकर, सेझा हे पैशानं उभे राहिलेले क्लब, तेही खनिजाच्या पैशानं. आमच्या डिचोली-साखळीतून लाल माती बार्जने मांडवीवरून मुरगावला गेली, तिथून जपानला, आणि त्यातला थोडा हिस्सा ब्राझीलचा स्ट्रायकर होऊन परत आला, असं मामा म्हणायचे. हसून म्हणायचे पण हिशेब बरोबर होता. २००९ मध्ये धेंपोंनी खाणधंदा सेझाला विकला, १७५० कोटींना. २०१२ मध्ये खाणीच बंद झाल्या. मामांची पिकअप दारात उभी राहिली ती उभीच. फातोर्ड्याला न्यायलाही कुणी उरलं नाही.
आणि हो, पेठेसारखं प्रेम धेंपोला डिचोलीबाहेर फार कमी मिळालं, हे कबूल.

बाणावलीचो
डिचोलीतसुद्धा म्हणे अर्धे लोक दशावताराला जायचे.

डिचोलीकर
दशावतार रात्री असतो. सामना संध्याकाळी. दोन्ही जमतं.

वास्कोकार
आता आलो सावकाश.

पहिला मुद्दा. धेंपोवाल्यांना वाटतं गोव्याचा फुटबॉल २००४ ला जन्मला. नॅशनल लीग जिंकणारा पहिला गोव्याचा क्लब साळगावकर, १९९८-९९. त्यात ब्रूनो कुतिन्हो. ब्रूनोने बॉल छातीवर घेतला की माझे वडील खुर्चीवरून अर्धे उठायचे, आणि बॉल खाली येईपर्यंत तसेच. आणि ब्रह्मानंद? ब्रह्मानंद सांखवाळकर, आमचा गोली. १९८३-८४ ला गोवा राज्यांची संतोष ट्रॉफी जिंकलं ते एकही गोल न खाता. एकही नाही! हल्लीच्या पोरांना सांगितलं तर म्हणतात, तेव्हा स्ट्रायकर नसतील. असो.

दुसरा मुद्दा तुमच्या स्ट्रायकरचा, रँटीचा. चांगला होता, मान्य. पण मी त्याला ऐंशी मिनिटं पेनल्टी बॉक्सच्या आसपास उन्हात उभं राहिलेला पाहिलाय. बेटोने भरवलं, याने खाल्लं.

सुषमा_फोंडा
बत्तीस वेळा खाल्लं हो एका हंगामात. २०११-१२ ला ३२, त्याच्या आधीच्या वर्षी ३०. भरवणाऱ्याने ताट वाढलं तरी घास घ्यायला तोंड उघडावं लागतं.

बाणावलीचो
सुषमाबाय जोरात आज!
पण आमचा चर्चिलचा ओडाफा कुठे ठेवायचा मग? पहिल्या आय-लीगला २२ गोल, पुढच्या वर्षी २६ आणि आम्ही चॅम्पियन, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा २२. तीन वर्षं सलग सगळ्यात जास्त. ओडाफाला कुणी भरवायची गरज नव्हती. स्वतः शिकार करायचा, स्वतः शिजवायचा. त्याच्यासमोर बचावपटू आला की मला बचावपटूची दया यायची. धेंपोविरुद्धच्या सामन्यात तर आम्ही त्याच्या पायाकडे न बघता महेश गवळीच्या चेहऱ्याकडे बघायचो.

डिचोलीकर
महेश गवळीचा चेहरा कधी बदलायचा नाही, तीच तर मजा होती. ओडाफाला पळायला मोकळी जागा लागायची. महेश आधीच तिथे जाऊन उभा. टॅकल कमी, चालणं जास्त. माझ्या मते आपल्या देशात त्याच्याइतका शांत बचावपटू त्या दहा वर्षांत दुसरा नव्हता. पुढे भारताच्या संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून दिसला तेव्हाही तसाच, हाताची घडी घालून.

आणि वास्कोकार, रँटीच्या उभं राहण्याबद्दल. मी एकदा मुद्दाम पूर्वार्धभर फक्त त्याच्याकडे पाहिलं, बॉलकडे नाही. मामांची पैज होती. तो उभा नसायचा. सेंटर-बॅकच्या आंधळ्या बाजूला दोन पावलं सरकायचा, परत यायचा, परत सरकायचा. बेटो मान वर करायच्या आधी तिसऱ्यांदा सरकलेला असायचा. मग पास, गोल, आणि सगळे म्हणणार की योग्य वेळी योग्य ठिकाणी होता. पैज मी हरलो, रस-आमलेट मी दिलं.

पण मला त्या संघात जे आवडायचं ते एक-दोघांचं नव्हतं. समीर नाईक, क्लायमॅक्स, क्लिफर्ड, अँथनी परेरा, महेश, बेटो, रँटी. ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र. इतर क्लबांत दर उन्हाळ्यात निम्मा संघ नवा, कलकत्त्याचा मोठा चेक आला की खेळाडू गेला. इथे कुलासोंनी तीच पोरं धरून ठेवली. अँथनी उजवीकडून निघाला की क्लिफर्डला डावीकडे बघायची गरज नसायची, त्याला माहीत असायचं क्रॉस कुठे पडणार. छोटे छोटे पास, घाई नाही. काकांनी लिहिलंय ना वर, बॉलला विचारतात, तसंच.

शिवाजीपेठ
आमचे एक वस्ताद म्हणायचे, संघ म्हंजे आमटी, रोज नवा मसाला टाकला तर चव बसत न्हाई.

धोबीतलाव६८
डिचोलीकर, तुम्ही एका सामन्याचा उल्लेख मुद्दाम टाळता आहात. मी करतो. ३० मे २०११. धेंपो १४, एअर इंडिया ०. एअर इंडिया आमच्या मुंबईचा संघ. माझा पुतण्या दादरहून एसएमएस करायचा निकालांचे. त्या दिवशी आला: "धेंपो १४-० एआय." मी उत्तर पाठवलं, "१-४ म्हणायचं आहे का? शाब्बास एअर इंडिया." अर्धा तास मी मुंबईच्या विजयाच्या आनंदात होतो. बायकोला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं. मग पुतण्याचा फोन आला.

बाणावलीचो
काका, हसून हसून खुर्चीवरून पडलो.

डिचोलीकर
काका, माफ करा पण मीही हसलो.
मी तो सामना पाहिलेला नाही. ही माझी मोठी खंत. नोकरीच्या परीक्षेला पुण्यात होतो. रँटीचे एकट्याचे सहा. मामांनी फोन केला तेव्हा नवव्या गोलावर होते, मी म्हटलं नंतर करतो, पेपर आहे. नंतर केला तर मामा म्हणाले, "आता काय करतोस, संपले सगळे गोल."

वास्कोकार
आणि इतके गोल मारूनही त्या वर्षीची आय-लीग कुणाची? साळगावकरची. करीम बेंचरिफा प्रशिक्षक. चौदा गोलांचं लोणचं घाला बरणीत.

सुषमा_फोंडा
वास्कोकार याच ओळीची वाट बघत बसले होते धागा सुरू झाल्यापासून.

बाणावलीचो
सगळे मिळून एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सहा आय-लीग झाल्या. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सहाही गोव्यात. एवढंसं राज्य. कलकत्त्याच्या लाख लाख माणसांच्या स्टेडियमला सहा वर्षं काही मिळालं नाही. तेव्हा आपण एकमेकांच्या आयाबहिणी काढत होतो, आणि आता कळतं की केवढ्या श्रीमंतीत भांडत होतो.

डिचोलीकर
आय-लीगच्या आधीचं वर्षही धर, २००६-०७ ची नॅशनल लीग. मग सात.

बाणावलीचो
घे, सात. आज उदार आहे.

मांडवीकाठ
पहिल्यांदाच लिहितोय. २००८ च्या एएफसी कपबद्दल कुणीच बोललं नाही? धेंपो उपांत्य फेरीपर्यंत गेले होते. आशिया खंडाच्या स्पर्धेत! लेबनॉनच्या सफाकडून हरले. मी तेव्हा दुबईत होतो, लेबर कॅम्पमध्ये. खोलीत एक लेबनीज फोरमन यायचा, त्याला मी सांगत होतो की आमचा संघ तुमच्या संघाशी खेळतोय. त्याचा विश्वास बसेना की भारतात फुटबॉलचे क्लब असतात. त्याला मी डिचोली, पणजी, मांडवी सगळं कागदावर काढून दाखवलं. हरल्यावर तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम मिठाई घेऊन आला. कुनाफा. खाल्ली, पण घशाखाली उतरायला वेळ लागला.

सुषमा_फोंडा
त्याच वर्षी क्लायमॅक्सने अफगाणिस्तानविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी गोल मारला होता भारतासाठी, चॅलेंज कपमध्ये. तो कप जिंकला म्हणून २०११ च्या आशिया कपला आपण गेलो. नावच क्लायमॅक्स, शेवटी नाही मारणार तर कधी मारणार.

शिवाजीपेठ
बाई, हे एक नंबर.
बाय द वे, आमचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, आठवतोय का कुणाला? कोल्हापूरचा. त्या दिवशी पेठेत पडदा लावला होता. एवढंच सांगायचं होतं, धागा तुमचा हाय.

डिचोलीकर
आठवतो. अवश्य लिहा, पेठेचा वेगळा धागा काढा, आम्ही चपला बाहेर काढून येऊ.

वास्कोकार
आता शेवटचंही कुणीतरी लिहायला पाहिजे ना. २०१६ चा जून. साळगावकर, धेंपो, स्पोर्टिंग तिन्ही आय-लीगमधून बाहेर. देशाच्या फुटबॉलची नवी मांडणी आली, त्यात आय-लीग दुय्यम होणार असं दिसलं, तर पैसे कशासाठी ओतायचे, असा त्यांचा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता. पण आम्ही मात्र एका सकाळी पेपर उघडला आणि आमच्याकडे ओरडायला संघच नाही. एफसी गोवा होता, आहे, मी जातो बघायला, मुलांना नेतो. संघ चांगला खेळतो. पण साळगावकर हरल्यावर जसं जेवण जात नसे तसं होत नाही. वयाचाही दोष असेल.

डिचोलीकर
धेंपोचं तर जास्त विचित्र. २०१४-१५ ला खाली घसरले. पाच वेळचे विजेते दुसऱ्या श्रेणीत! पुढच्या वर्षी दुसरी श्रेणी जिंकून वर आले, आणि वर आल्यावर लगेच सोडलं. म्हणजे पायऱ्या चढून दारापाशी यायचं आणि बेल न वाजवता परत जायचं. मामा तेव्हा आजारी होते. मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांना वाटत होतं पुढच्या हंगामात फातोर्ड्याला जायचंय. गेले त्याच पावसाळ्यात.

(मायनिंग, फुटबॉल, मामा. सगळं एकाच चार-पाच वर्षांत आटोपलं आमच्या घरात. असो.)

धोबीतलाव६८
डिचोलीकर, आमचे ते तियात्रवाले शेजारी ऐंशीच्या दशकातच गेले. पण १९८६ चा रोव्हर्स धेंपोने जिंकला तेव्हा मी एकटाच कूपरेजला गेलो आणि बाजूची जागा रुमाल टाकून धरून ठेवली होती. कुणी विचारलं तर म्हणायचो, येताहेत.

सुषमा_फोंडा
काका.

मांडवीकाठ
पण परत आला ना धेंपो? २०२४-२५ ला पुन्हा आय-लीगमध्ये. आणि बाकावर कोण, तर समीर नाईक. क्लिफर्डही प्रशिक्षक झाला, २०२३ ला त्याच्या हाताखाली ओडिशाने सुपर कप जिंकला. म्हणजे आमटी संपली तरी भांडं अजून कामाला येतंय.

डिचोलीकर
हो, पहिल्या हंगामात मी एका सामन्याला गेलो पोराला घेऊन. कदंबने. तिकिटाची रांगच नव्हती. समीर बाकापाशी उभा राहून हातवारे करत होता, केस पिकलेत. पोराला म्हटलं, हा माणूस आमच्या वेळी मागे खेळायचा. पोरगा म्हणाला, "मागे म्हणजे कुठे?" त्याला स्ट्रायकरच व्हायचं असतं ना. मग मी समीरने स्लाईड मारून बॉल कसा काढायचा ते दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत करून दाखवायला गेलो आणि गुडघा धरला. अजून चढण लागली की कळ येते.

बाणावलीचो
आता चर्चिल-धेंपो सामना लागेल तेव्हा सगळे या. मी ग्रँडस्टँडच्या खाली भेटतो. काका मुंबईहून आले तर आमच्याकडे राहायचं, घरी वर खोली रिकामी आहे.

धोबीतलाव६८
येतो. पण पायऱ्या कमी असतील अशी जागा धरा. रुमाल मी आणतो.

वास्कोकार
रस-आमलेट कोण देणार?

सुषमा_फोंडा
जो हरेल तो. नियम तोच.

डिचोलीकर
शेवटचं अपडेट, कारण तिघांनी खाजगीत विचारलं. पोराचा शाळेचा सामना आज झाला. काल रात्री त्याला सुषमाबायचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलला नाही. सकाळी उठून सरांना म्हणाला की मला १० नको, दुसरा द्या. सरांनी सांगितलं, जर्सी एकदा वाटल्या त्या वाटल्या. मग १० घालूनच खेळला. ३-१ हरले. तो एक गोल त्याचा नाही, पण पास त्याचा होता. सामना संपल्यावर गाड्यावर गेलो. हरले तरी दुसरी प्लेट मागवली.

बाणावलीचो
मामांचा नियम मोडलास रे.